कोणाला देऊ नये

सार्वजनिक वाचनालयाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पलीकडे, किशोर विभाग होता आणि तिथल्या टेबलामागे गेली एकोणीस वर्षं एकच बाई बसत होती. मुली तिला भूतमावशी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे, कारण ते नाव तिनं कमावलेलं होतं. पिशाच्चं, लांडगे होणारी मुलं, पंख गळालेले देवदूत, तीनशे वर्षं सतराव्या वर्षातच अडकलेले राजपुत्र आणि त्यांच्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्या शाळकरी पोरी, असल्या प्रेमकादंबऱ्या तिच्याइतक्या त्या इमारतीत कोणीच वाचल्या नव्हत्या. वरच्या मजल्यावरचे ग्रंथपाल इतिहास वाचत. खाली आले की त्या कपाटाकडे बघून नाक मुरडत.

"हे वाचून पोरींची डोकी बिघडतात," ते म्हणत.

"न वाचता बिघडतात त्यांचं काय करायचं, साहेब?" ती विचारी आणि पुस्तकावर शिक्का मारी.

वाचनालयात संगणक आला तेव्हा जुनी कोरी कार्डं रद्दीत निघाली होती. ती तिनं उचलून घरी नेली. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड ती करी. नायक मेलेला आहे की अर्धा मेलेला, गोष्ट कितव्या पानापर्यंत रखडते, शेवटी रडू येतं का, कोणत्या मुलीला द्यावं. आणि सगळ्यांत खाली, लाल शाईनं, कोणाला देऊ नये. या शेवटच्या ओळीसाठी ती कधीकधी आठवडाभर थांबे. "जिची आई आजारी आहे तिला नको." "जिला तो सोडून गेलाय तिला सहा महिन्यांनी." "जिचा मित्र तिचा फोन तपासतो तिला मुळीच नको. यातला नायक खिडकीबाहेर तासन् तास पाळत ठेवून उभा राहतो आणि लेखिकेला ते प्रेम वाटतं." अशी हजारावर कार्डं बुटांच्या खोक्यांमध्ये तिच्या पलंगाखाली होती. लग्न राहून गेलं होतं, घरात ती आणि आई दोघीच. खोक्यांबद्दल आईची एकच तक्रार, झाडू आत जात नाही.

मग धाकटी बहीण परत आली. ती अकरा वर्षांनी लहान. अत्तरांच्या दुकानात विक्रेती होती, दुकान बंद पडलं, तशी दोन बॅगा घेऊन घरी आली. धाकटीला पुस्तक म्हटलं की लहानपणापासून जांभया येत. पण चेहरा गोड, आवाज त्याहून गोड, आणि समोरच्याला हातातली वस्तू हवीहवीशी वाटायला लावण्याची कला तिच्या अंगात मुरलेली. महिनाभर ती नुसती बसून होती. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, "ताई, तुझी ती कार्डं दे ना बघायला."

"कशाला?"

"काय वाचावं ते सांगणारे व्हिडिओ हल्ली चालतात. मला बोलता येतं, तुला वाचता येतं. बघूया करून."

खरं सांगायचं तर मोठीला आनंद झाला. एकोणीस वर्षांत तिची कार्डं कोणी मागितली नव्हती. तिनं स्वतः पंचवीस निवडून दिली, खिडकीजवळ खुर्ची मांडून दिली, मागं दिसायला आपलं कपाट लावून दिलं. धाकटीनं पहिलं कार्ड जवळजवळ शब्दाला शब्द म्हणून दाखवलं आणि शेवटी म्हणाली, "ही शिफारस माझ्या ताईची बरं का." मोठीनं तो व्हिडिओ वाचनालयात मधल्या सुट्टीत तीनदा पाहिला. डबा तसाच राहिला.

महिनाभरानं ते शेवटचं वाक्य गळलं. मोठीच्या ते लक्षात आलं, पण बोलायचं कसं ते सुचेना. तोपर्यंत पाहणाऱ्यांची संख्या कुठल्या कुठे गेली होती, आणि गंमत म्हणजे लोकांना सगळ्यांत आवडायची ती लाल ओळ. 'हे कोणी वाचू नये' ही धाकटीची खासियत झाली. आईबाप तिला लिहीत की तुमच्यामुळे मुलीला काय द्यायचं ते कळतं. धाकटी ते आईला वाचून दाखवी. आई मोठीकडे बघून म्हणे, "बघ, घरबसल्या नाव काढलं पोरीनं."

वर्षाच्या शेवटी एका प्रकाशनसंस्थेनं धाकटीला वाचकांच्या मेळाव्यात बोलावलं. सभागृह मुलींनी भरलेलं. आई आणि मोठी तिसऱ्या रांगेत. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "वाचनाची गोडी तुम्हाला लागली कुठून?"

"आमच्या घरात पुस्तकाला कोणी हात लावत नसे," धाकटी म्हणाली. "मी शाळेच्या गच्चीवर लपून वाचायचे. एकटीच. ही भुतंच माझी सोबत होती."

टाळ्या पडल्या. आईनंही वाजवल्या आणि मोठीच्या कानाशी येऊन म्हणाली, "छान बोलते ना?"

"हो," मोठी म्हणाली.

घरी आल्यावर चपला काढता काढता तिनं विषय काढला. धाकटी आधी हसली, मग वैतागली.

"ताई, तू किती मनाला लावून घेतेस. बहीण वाचनालयात नोकरीला आहे, तिनं सांगितलं, यात ऐकणाऱ्याला काय मजा? एकटी मुलगी, गच्ची, पुस्तक, हे लोकांना भिडतं."

"आपल्या शाळेला गच्ची नव्हती."

"मग? कोण बघायला जाणारे?"

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "तुझं काय गेलं त्यात?" ती मोठीला म्हणाली. "तुला कोण ओळखणार होतं?"

हे वाक्य मोठीच्या घशात अडकलं ते अडकलंच. कामावर, रस्त्यात, दात घासताना ते वर येई. धाकटीचं खोटं तिनं कदाचित गिळलंही असतं. आईचं खरं तिला गिळता येईना.

तळ्यात बुडून मेलेल्या एका मुलाची कादंबरी होती, 'निळ्या तळ्याचा पाहुणा'. मेलेला मुलगा रोज काठाशी येतो, नायिकेशी बोलतो, आणि शेवटी ती हसत हसत त्याच्याकडे पाण्यात चालत जाते. भाषा इतकी सुंदर की ते मरण आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. मोठीच्या कार्डावर लाल ओळी एक सोडून तीन होत्या. पंधराच्या आतल्या कोणाला नको. एकट्या पडलेल्या मुलीला नको. जिच्या ओळखीतलं कोणी नुकतं गेलंय तिला कधीच नको. वाचनालयाची प्रत ती टेबलाच्या खणात कुलपात ठेवी, कारण एक मुलगी ती सारखी मागत होती. चौदा वर्षांची, स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून फिरणारी. तिच्या वर्गातला, तिच्याच इमारतीतला एक मुलगा आदल्या वर्षी पोहायला गेला होता आणि परत आला नव्हता. तीनदा तिनं पुस्तक मागितलं आणि तीनदा भूतमावशीनं "बाहेर गेलंय गं" म्हणून दुसरं काहीतरी, हसू येणारं, तिच्या हातात ठेवलं.

एका दुपारी मधल्या सुट्टीत भूतमावशीनं त्या पुस्तकाचं नवीन कार्ड लिहिलं. सगळं तेच, लाल ओळी तेवढ्या नाहीत. धाकटी पुस्तक उघडणार नाही, कार्ड वाचून बेधडक शिफारस करणार, मग शिक्षक आणि आईबाप तिच्यावर तुटून पडणार आणि हिनं काही वाचलेलं नसतं हे जगाला कळणार, असा तिचा हिशेब होता. जगाचं वाईट करायचं तिच्या मनात नव्हतं, फक्त धाकटीचं होतं. बाह्यांची मुलगी धाकटीचे व्हिडिओ पाहते हे तिला ठाऊक होतं. त्या दुपारी ते आठवलं नाही. पुढे तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं, आठवलं नाही की आठवू दिलं नाही.

धाकटीनं कार्ड उलटून पाहिलं. "याला लाल नाही?"

"नाही," मोठी म्हणाली.

"बरं झालं, जरा बदल."

व्हिडिओत धाकटीनं पुस्तक छातीशी धरलं होतं. "यात टाळण्यासारखं काही नाही," ती म्हणत होती. "कोणालाही द्या. जिचं मन दुखावलंय तिला तर आधी द्या." ते शेवटचं वाक्य कार्डावर नव्हतं, ते तिचं तिनंच जोडलं होतं.

दोन दिवसांत आरडाओरडा सुरू झाला. एका शिक्षिकेनं पान क्रमांकांसह लिहिलं की या बाईनं पुस्तक उघडलेलं दिसत नाही. धाकटी खोलीतून बाहेर येईना. मोठी टेबलाखाली फोन धरून एकेक शेरा वाचत होती आणि तिला पोट भरल्यासारखं वाटत होतं. हे सुख चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी सकाळी एक बाई तिच्या टेबलापाशी आली. अंगावर पोस्टातल्या नोकरीचा गणवेश, हातात वाचनालयाची दोन पुस्तकं. "ही माझ्या मुलीची, परत करायची आहेत," ती म्हणाली. ती बाह्यांच्या मुलीची आई होती.

"ती आली नाही?"

"दवाखान्यात आहे." बाईनं पुस्तकं टेबलावर नीट एकावर एक ठेवली. "रविवारी सकाळी धरणावर गेली. छातीएवढ्या पाण्यात शिरली होती. पंपघरावरच्या माणसानं पाहिलं म्हणून... आता बरी आहे. बोलते. पिशवीत ते तळ्याचं पुस्तक होतं, दुकानातून आणलेलं. त्या व्हिडिओवालीनं सांगितलं होतं म्हणे."

भूतमावशीचा हात कुलूप लावलेल्या खणाकडे गेला.

"ती मला म्हणाली, भूतमावशी मला हे पुस्तक द्यायची नाही. तीनदा मागितलं, दिलं नाही." बाईचा आवाज इथे हलला. "तुम्हाला तेवढंच सांगायला आले. तुम्ही कोण कुठल्या, पण तुम्हाला माझ्या पोरीची काळजी होती. तुमचे उपकार आहेत."

ते कार्ड मी लिहिलंय, एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. भूतमावशीनं तोंड उघडलं, आणि त्यातून आलं ते असं, "बसा ना. पाणी देऊ?" बाई बसली नाही, तिला कामावर जायचं होतं. ती गेल्यावर भूतमावशीनं दोन्ही पुस्तकं जमा करून घेतली, कारण रांगेत एक मुलगी उभी होती.

घरी गेली तर तिच्या खोलीत पलंगाखालची सगळी खोकी बाहेर ओढलेली. धाकटी जमिनीवर बसली होती. बातमी तिच्यापर्यंतही पोचली होती, डोळे सुजलेले होते. तिच्या हातात दोन कार्डं होती, एक नवं, एक जुनं.

"तू मूळ कार्ड फेकून तरी द्यायचंस," धाकटी म्हणाली.

मोठी दारातच उभी राहिली.

"मला वाटलं, लाल लिहायचं चुकून राहिलं असेल. म्हणून शोधलं. ताई, यात तीन लाल ओळी आहेत."

"हो."

"तू मला विहिरीत ढकललंस ते मी समजू शकते. त्या पोरीनं तुझं काय केलं होतं?"

"तिनं काही केलं नव्हतं," मोठी म्हणाली. "आणि 'दुखावलेल्या मनाला आधी द्या' हे मी लिहिलं नव्हतं."

"नव्हतंस. ते माझं आहे. मला माहितीय ते."

बाहेर आई शेजारणीला सांगत होती की पोरीवर जळणारे लोक फार.

"मी कोणाला सांगणार नाही," धाकटी शेवटी म्हणाली. "सांगायचं तर कार्डं तुझी आहेत हेही सांगावं लागेल. आणि तूही सांगणार नाहीस. म्हणजे झालं." तिनं दोन्ही कार्डं फाडली, आणि मग ते बारीक बारीक तुकडे कुठे टाकायचे ते न कळून हातातच धरून बसली.

तिनं माफीचा व्हिडिओ केला. त्यात रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. लोकांनी माफ केलं. पाहणारे आधीपेक्षा वाढले. मुलीला तिच्या आईनं दूर, मामाकडे ठेवलं; ती तिथल्या शाळेत जाऊ लागल्याचं पोस्टातल्या कोणाकडून तरी कळलं. भूतमावशीनं तिला चार पत्रं लिहिली आणि एकही टाकलं नाही. मग तिनं वरच्या मजल्यावर, वर्तमानपत्रांच्या बांधणीच्या खोलीत, बदली मागून घेतली. ग्रंथपाल खूश झाले, म्हणाले, "उशिरा का होईना, सुटलात त्या भुतांच्या तावडीतून." खाली नवीन मुलगी बसते. ती संगणक सांगेल ते पुस्तक देते. सुरुवातीला काही पोरी जिना चढून वर येत, "मावशी, काय वाचू?" विचारत. "खाली विचारा," ती सांगे. आता कोणी येत नाही.

धाकटी मात्र वाचते. एकेक पुस्तक पहिल्या पानापासून, हातात लाल पेन घेऊन. ताईवर भरवसा राहिला नाही म्हणून तिला ते करावं लागतं, आणि तसं ती आईच्या देखत बोलूनही दाखवते. ती हळू वाचते, जेवणाच्या टेबलावर पुस्तक पसरून, आणि समोर मोठी ताटं लावत असते.

"हा शेवटी मरतो का गं?" परवा तिनं मान वर न करता विचारलं.

"तो आधीच मेलेला आहे," मोठी म्हणाली. "पुस्तक बाजूला घे, वाटी ठेवायचीय."