गिटारला जवारी

“अजून झिणझिणतेय,” बाबुराव पेपरामागून म्हणाले.

“मला कान आहेत,” असं म्हणत प्रभावतीने गिटारची सगळ्यांत जाड तार पुन्हा छेडली. सुराला चिकटून पत्रा थरथरल्यासारखा आवाज आला आणि सूर विरला तरी तो मागे रेंगाळला.

“कशाला जिवाला त्रास? हितेश वाजवणारच आहे की-बोर्डवर. तू कोरसमध्ये उभी राहा.”

“चाल माझी आहे.”

“तुझीच राहील ना. अनाउन्स करतील तसं.”

संध्याकाळी दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीत बुद्धजयंतीचा कार्यक्रम होता आणि त्यात मुली तिच्या चालीवरचं गाणं म्हणणार होत्या. तालमीत गिटार अशीच झिणझिणली होती. समोरच्या ब्लॉकमधला हितेश नोएडाच्या नव्या कंपनीत लागला होता आणि पहिल्या पगारातून त्याने की-बोर्ड घेतला होता. “मावशी, टेन्शन मत लो, यात गिटारपण आहे,” म्हणून त्याने एक बटण दाबलं. स्पीकरमधून गिटारसारखं काहीतरी वाजलं. सगळे हसले. प्रभावतीही हसली, आणि जिना चढताना आपण का हसलो म्हणून स्वतःवरच चिडली. गिटार नीट झाली नाही तर गाणं की-बोर्डवर, असं तेव्हाच ठरलं होतं.

नागपूरहून लग्न होऊन आल्यापासून तिने सरकारी ऑफिसात दुसऱ्यांचे मसुदे टाइप केले होते. सेक्शनमधल्या मिझो मैत्रिणीने जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर तिला गिटार शिकवली आणि बदली होऊन ऐजॉलला जाताना ही गिटार तिलाच देऊन टाकली. ऑफिस, डबे, पाहुणे यांच्यात एवढी एकच गोष्ट अशी होती, जी तिला कोणी करायला सांगितली नव्हती.

ऑफिसात हरवलेली फाइल शोधताना ती एकेक टेबल मागे टाकत जाई. तशीच ती आता गिटारमधला दोष शोधत निघाली. तार मोकळी सोडून वाजवली: झिणझिण. दांडीवरच्या पहिल्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, दाबून वाजवली, तरी झिणझिण. म्हणजे वरच्या टोकाची खाच निर्दोष. तिचा दोष असता तर तो फक्त मोकळ्या तारेत ऐकू आला असता. मग एकेक पडदा सोडत ती खाली आली. एखादा पडदा उचलला गेला असता, तर तो ओलांडल्यावर आवाज साफ झाला असता. झाला नाही. खुंट्या घट्ट धरून पाहिल्या. पोटावर टिचक्या मारून काही सुटलंय का ऐकलं. सगळं पक्कं होतं. उरलं खालचं टोक.

तिने घोडीवर टॉर्च धरला. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, तिचा माथा घासून रुंद आणि गोलसर केलेला होता. कडेला पांढरी पूड अडकली होती.

“अहो, मी ऑफिसात असताना हिला कोणी हात लावला?”

पेपर खाली आला. “नरसिंहरावांनी जरा बघितली होती. चांगल्या मनाने गं. म्हणाले, आवाज कोरडा आहे, जवारी काढून देतो.”

वरच्या मजल्यावरचे नरसिंहराव अख्ख्या सोसायटीचे तंबोरे लावत. तंबोऱ्याची तार घोडीवर अलगद घासत राहावी, सूर गुंजत राहावा, म्हणून घोडीला जो गोलवा देतात, ती जवारी. बोलावल्यावर ते हसतच खाली आले.

“फरक पडला ना, वहिनी? आता कसा भरल्यासारखा वाजतो.”

“भरलेला नाही, झिणझिणतोय. तंबोऱ्याला हवं ते हिला नको असतं, भाऊ.”

“मग तारेखाली दोरा सरकवून बघू थोडा.”

“दोरा नको. हात लावू नका आता.”

“राग आला का?”

“आला. मला विचारायला हवं होतं. गिटार यांची नाही, माझी आहे.”

बाबुराव खिडकीबाहेर बघू लागले. नरसिंहराव चहासाठी थांबले नाहीत.

तारा सैल करून तिने हाड काढलं, ओट्यावर बारीक सँडपेपर पसरला आणि हाडाची मागची बाजू घासायला घेतली. पुढची कड सर्वांत उंच ठरली, की तार तिथूनच सुटेल, मध्ये कशालाही घासणार नाही.

“आणखी बिघडली तर?” बाबुराव दारातून म्हणाले.

“बिघडलेलीच आहे. निदान माझ्या हातून बिघडू दे.”

घासून हाड किंचित बुटकं झालं. संध्याकाळच्या निमंत्रणपत्रिकेची पातळ पट्टी कापून तिने ती हाडाखाली सरकवली. तारा चढवल्या. जाड तार छेडली. सूर सरळ निघाला आणि एकटाच संपला.

संध्याकाळी हॉलमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी खंडेराव म्हणाले, “वहिनी, कोरस डावीकडे.”

तिने खुर्ची स्टेजच्या मधोमध ओढली. माइक एकच, तोही गाणाऱ्या मुलींसमोर. तिने पहिले स्वर वाजवले. साफ होते, पण दारातल्या दोन कूलरांच्या घरघरीत दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचले नाहीत.

“मावशी, व्हॉल्यूम कमी पडतोय,” हितेश हळूच म्हणाला. त्याचं बोट बटणाजवळ होतं. “लावू?”

“थांब.”

गिटार खुर्चीवर ठेवून ती स्टेज उतरली, भिंतीवरच्या स्विचकडे गेली. एक कूलर बंद केला, मग दुसरा.

“अहो वहिनी, मे महिना आहे,” खंडेराव मागून आले. “लोक उठून जातील.”

“ज्यांना उठायचंय ते उठतील.”

ती परत येऊन बसली. मागे दोन खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. पुढच्या बायकांनी पदराने मानेवरचा घाम पुसला. प्रभावतीने मान वर केली नाही. बोटं जागेवर ठेवली आणि चाल पहिल्यापासून धरली. कूलरच्या गवताच्या ताट्यांमधून उरलेलं पाणी ठिबकत होतं, तेवढंही सगळ्यांना ऐकू येत होतं.