वीस ते चाळीस
सर गाडी चालवायला शिकवत, आणि त्यांचं खरं नाव लोकांनी केव्हाच गिळून टाकलं होतं. शिकाऊ माणसाने चावी फिरवायच्या आतच ते ‘सावकाश’ म्हणायचे, म्हणून सगळे त्यांना सावकाश सर म्हणत. बावीस वर्षं ते शेजारच्या सीटवर, आपल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बसले होते आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता. शिकणाऱ्याने गाडी बंद पाडली, की ते मान खाली घालून फक्त एक लांबलचक सुस्कारा सोडत. त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या, असं त्यांची बायको म्हणे. तिच्याकडे लायसन्स होतं, पण त्या सुस्काऱ्याशेजारी बसून गाडी चालवणं तिने लग्नानंतर सहा महिन्यांतच सोडलं होतं.

त्या वर्षी सरांच्या ड्रायव्हिंग शाळेच्या छोट्या गाडीच्या इंजिनाने मान टाकली. सरांचा मेहुणा गॅरेजवाला, आणि त्याच्याकडे कुठल्याशा उलटलेल्या मोठ्या गाडीचं इंजिन कोपऱ्यात पडून होतं, जुन्याच्या दुपटीहून मोठं. सरांनी आपलं साधंसं, वयाला शोभेल असं इंजिन मागितलं. पण मेहुण्याच्या अंगात आलं होतं, बहिणीनेही ‘बसव रे’ म्हणून टाकलं, आणि सरांचं मत विचारायचं राहून गेलं.

इंजिन बसलं खरं, पण त्याने बॉनेटखाली असे हातपाय पसरले की हवा ओढायच्या नळीला जागाच उरली नाही. मेहुणा कसला हार मानतोय. त्याने इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्याला सरळ भोक पाडलं, नळी आत घेतली आणि तिचं जाळीदार तोंड सरांच्या गुडघ्यापाशी आणून ठेवलं. हवेचा सेन्सर त्या तोंडाच्या जरासा आत होता.

हे काय, असं सरांनी विचारल्यावर मेहुण्याने समजावलं की आत एक तापलेली बारीक तार असते. हवा जितकी जाईल तितकी ती गार होते, त्यावरून गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं किती हवा आली, आणि तेवढंच पेट्रोल तो सोडतो.

“म्हणजे पानं मोजून स्वयंपाक करायचा, भाऊजी. सेन्सर काढला तर सगळा अंदाजपंचे कारभार.”

सरांना अंदाज हा शब्दच आवडत नसे. सेन्सर राहिला.

नव्या इंजिनावर पहिली शिकायला बसली ती शिंपीणबाई. साठीच्या या बाई चार वेळा परीक्षेत नापास झाल्या होत्या, कारण गाडीचं पेडल त्या शिलाई मशीनसारखं दाबत. त्या दिवशीही पहिल्याच वळणावर त्यांनी गाडी अडखळवली. सरांनी मान खाली घातली आणि सुस्कारा सोडला. तो गेला नेमका जाळीत. तारेला वाटलं, इंजिनाने भलामोठा श्वास घेतला. कॉम्प्युटरने पेट्रोल ओतलं आणि गाडी बेडकासारखी उडी मारून फुटपाथवर चढली.

“मी काही केलं नाही,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“मीच केलं,” सर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

तेव्हापासून सर खिडकीकडे तोंड करून बसू लागले. सुस्कारा आला की काच खाली करायची, मान बाहेर काढायची, सोडायचा आणि आत यायचं. रस्त्यावरच्या लोकांना वाटे, मास्तरांना गाडी लागते. शिंपीणबाई मात्र सुधारल्या. सरांचं डोकं बाहेर असताना त्यांना कुणी बघत नसे, आणि तेवढ्या वेळात त्या गिअर नीट बदलत.

परीक्षेच्या दिवशी सरांच्या जागी परीक्षक बसला आणि सर पांढऱ्या पट्ट्या आखलेल्या पटांगणाच्या कडेला उभे राहिले. परीक्षकाला सर्दी झाली होती. पहिल्या शिंकेला गाडी हातभर पुढे गेली. दुसऱ्या शिंकेला पट्टी ओलांडली. तिसरीला ती कचेरीच्या दारातल्या कुंडीला टेकून थांबली. परीक्षक चांगला चौकस माणूस होता. त्याने खाली वाकून पाहिलं, जाळीवर हळूच फुंकर मारली, गाडीने कुंडीला आणखी एक ढुशी दिली. त्याने पुन्हा फुंकर मारली. अशा पाच फुंकरा मारून, कुंडी आडवी झाल्यावर, तो खाली उतरला.

आठवड्याने कागद आला. ‘सदर वाहन अधिकाऱ्याच्या शिंकेस प्रतिसाद देते. सबब सेन्सर काढून वाहन व उमेदवार यांस पुन्हा हजर करावे.’

मेहुण्याने कागद वाचून कपाळाला हात लावला. आता कॉम्प्युटरला हवा मोजायची सोय उरणार नव्हती. नळीतला दाब आणि उष्णता बघून त्याने तक्ता उघडायचा आणि एवढ्या वेगाला, एवढ्या ओझ्याला एवढी हवा असणार असं धरून चालायचं. तो तक्ता भरायचा तर गाडी त्या त्या वेगाने प्रत्यक्ष चालवायला हवी. एकाने चालवायची आणि एकाने लॅपटॉप मांडीवर घेऊन रकाने भरायचे. सरांचे सकाळचे वर्ग होते. तेव्हा बायको म्हणाली, मी जाते.

तीन दिवस बहीणभाऊ मोठ्या रस्त्यावर जात होते. ती घरी यायची तेव्हा केस विस्कटलेले असत, गाल लाल झालेले असत, आणि ती गुणगुणत भांडी घासायची. सरांना हे लक्षण ठीक वाटेना, पण विचारायचं कसं.

चौथ्या दिवशी सरांनी गाडी हातात घेतली आणि फाटकाबाहेर पडता पडताच ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मेहुण्याने लॅपटॉप उघडला. तक्त्याचा वरचा भाग गच्च भरलेला होता, अगदी एकशे वीसपर्यंत. चाळीसच्या खाली एकही आकडा नव्हता.

“ताई त्या वेगाने गेलीच नाही, भाऊजी.”

“मला तिथे काही काम नव्हतं,” बायको म्हणाली.

मग खालचे रकाने भरायला सर बसले. गोदामांच्या लांब भिंतीशेजारचा रस्ता त्यांनी निवडला. चार सकाळी ते तिथे पाचने, आठने, बाराने, फार तर वीसने गाडी चालवत होते. काठी घेऊन फिरायला निघालेले एक आजोबा खिडकीशी येऊन गुडघेदुखीबद्दल बोलत बोलत बरोबर चालले, आणि मग मला जरा घाई आहे म्हणून पुढे निघून गेले. मेहुणा मागच्या सीटवर डोळे ताणून आकडे बघत होता.

“भाऊजी, अजून सावकाश.”

सरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि गाडी तीनवर आणली.

दुसऱ्या परीक्षेला परीक्षक बरा होता, तरी नाकाला रुमाल बांधून बसला. शिंपीणबाईंनी पटांगणातली वळणं, मागे घेणं, चढावर थांबणं असं लोण्यातून सुरी फिरावी तसं केलं. मग रस्त्यावर निघाल्या. वीसपर्यंत सगळं गोड होतं. एकविसला गाडीने उचकी दिली, तेविसला आचका, पंचविसला ती अशी काही खोकू लागली की परीक्षकाने दाराची मूठ धरली. वीसच्या खाली सर चालवत होते, चाळीसच्या वर त्यांची बायको. मधल्या वेगाने त्या घरात कधी कुणी गेलंच नव्हतं.

शिंपीणबाईंनी नंतर सांगितलं की त्यांना ते ओळखीचं वाटलं. जाड कापडाच्या घडीवर सुई अडली की मशीन थांबवायची नाही, पाय दाबून पलीकडे जायचं. त्यांनी पाय दाबला. गाडी एका दमात पंचविसावरून पंचेचाळीसवर गेली आणि रेशमासारखी चालू लागली. परीक्षकाचं पेन सीटखाली गेलं ते सापडलंच नाही. त्याने उसन्या पेनने लिहिलं, ‘निर्णयशक्ती उत्तम. उत्तीर्ण.’

सरांनी पेढ्यांच्या आधी विचारलं की आता गाडी कुठली घेणार. शिंपीणबाई म्हणाल्या, गाडी कशाला, माझी सायकल आहे. सून पहिल्या फटक्यात पास झाली होती, म्हणून इतके दिवस तुमचा जीव खाल्ला.

मधले रकाने तर भरायलाच हवे होते. रविवारी सकाळी तिघं निघाले. आधी सर चालवायला बसले. वीस ओलांडताना त्यांचा पाय पेडलवरून उठला आणि काटा परत अठरावर आला. मग बायको बसली. चाळीसच्या खाली आलं की तिला झोप यायची आणि पाय आपोआप दाबला जायचा. दोघांचं तीनदा उतरून चढून झालं. शेवटी मेहुण्याने ताईला स्टिअरिंगवर बसवलं, भाऊजींना शेजारी, आणि बजावलं की काट्यावर दोघांनी लक्ष ठेवायचं.

काटा तिसावर आला. गाडी खोकली, थरथरली, मेहुण्याने आकडा बदलला, पुन्हा बदलला, आणि ती शांत झाली. त्या वेगाला खिडकीतून सगळं नीट दिसत होतं. एका गच्चीवर कुणी चादरी वाळत घालत होतं. बायकोने विचारलं, ही शाळा इथे कधी झाली. सर म्हणाले, बरीच वर्षं झाली, मी तिथल्या शिपायाला गाडी शिकवलीय. तो कसा होता, तिने विचारलं. सरांनी सांगायला सुरुवात केली. शिपायाची गोष्ट संपली तेव्हा गावही मागे पडलं होतं.

“ताई, झालं. रकाने भरले,” मेहुणा मागून म्हणाला. “वळव आता.”

तिने वळवली नाही, आणि सरांनीही तिला वळव म्हटलं नाही. मेहुण्याकडे अकरा वाजता एक गिऱ्हाईक येणार होतं. त्याने थोडी वाट बघितली, मग लॅपटॉप मिटला आणि गिऱ्हाइकाला फोन लावून उशीर होईल म्हणून सांगितलं. किती उशीर, असं पलीकडून विचारलं गेलं. पुढे बसलेल्यांकडे बघत तो म्हणाला, ते काही आपल्या हातात नाही.