वाळायची नाही, शिजायची

साखर कारखाना ऊस गाळायला लागला की त्याच्या चिमणीतून राख पडते. आमच्या छपरांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, मक्याच्या भाकरीवरसुद्धा. भट्टीत उरलेली राख कारखाना ओढ्यात लोटतो. माझी लेक क्रिसांता गवंडीकाम करते. गावसभेत उठून ती म्हणाली, "शाळेच्या रस्त्यावर अंथरायचे ठोकळे मी या राखेचे करते. सिमेंटच्या पाच बादल्यांतली एक काढायची, तिथं राख घालायची."

"राखेनं भांडी घासतात पोरी, रस्ते नाही करत," मुखिया तिबुर्सिओ म्हणाला. सभा हसली. शेवटी ठरलं ते असं: उसानं भरलेला ट्रक तिच्या ठोकळ्यांवरून न्यायचा. ते फुटले तर पुन्हा तिनं गावाच्या कामाला हात लावायचा नाही.

तिनं ठोकळे पाडले आणि उन्हात ओळीनं मांडले. आठव्या दिवशी एक उचलला, तर कोपरा हातातच आला. बिस्किटासारखा भुगा झाला. तिनं तो भुगा माझ्यापुढे आणून टाकला.

"आई, राख ती राखच."

मी चुलीवर चुन्याच्या पाण्यात मका शिजत घातला होता. म्हटलं, "हा मका उन्हात मांडला असता तर शिजला असता का गं?"

"म्हणजे?"

"तुझे बाबा मातीच्या विटा पाडायचे. त्या वाळवायच्या असतात. ही वस्तू वाळायची नाही, शिजायची आहे. तिला पाणी हवं, आणि दम हवा."

तिनं कपाळावर हात मारला. "मी बाबांची वीट पाडत बसले!"

मग राख सिमेंटात नीट मुरावी म्हणून आम्ही ती पाट्यावर पिठासारखी वाटली. नवे ठोकळे ओल्या पोत्यांखाली ठेवले. चार आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. तिबुर्सिओ जाता-येता विचारी, "काय आजी, आज आंघोळ झाली का बाळांची? साबण देऊ?"

"दे की. उरला तर तुझं तोंड धुवू."

रविवारी प्रार्थना आटोपून सगळं गाव जमलं. ठोकळ्यांचा पट्टा अंथरला होता. ट्रक चढला. पुढची चाकं गेली, मागची गेली. तिबुर्सिओनं हात करून ट्रक परत मागे घ्यायला लावला आणि बरोबर पट्ट्यावर उभा करवला.

मी वाकून चाकाशेजारच्या ठोकळ्याला हात लावला. गार, घट्ट, नदीतल्या दगडासारखा. फुंकर मारली तर उडून जायची ती राख, आणि तिच्या अंगावर डोंगराएवढा ऊस उभा होता. केसभर चीर नव्हती. सत्तर वर्षं मी ही राख झाडून फेकली होती.

तिबुर्सिओनं टोपी काढली. "पुढच्या रविवारी गावकाम. घरटी एक माणूस, फावडं घेऊन." मग क्रिसांताकडे वळला. कुठल्याही बाईला त्यानं आजवर अशी हाक मारली नव्हती. "मिस्त्री, कुठल्या टोकाकडून सुरू करायचं?"

तिनं शाळेकडे बोट केलं.