पेडगावची दर्शन-बैठक

गुरुवार उजाडला की पेडगावच्या महादेवापुढं चपलांचा ढीग पडायचा. तुर्यानंद महाराज वाटीवाटीनं तीर्थ द्यायचे आणि घटकाभरात लोकांना दर्शन व्हायला लागायचं. कुणाला खांबातून नाग निघताना दिसे, कुणाला मेलेला बाप. मग बैठक बसे. ज्यानं जे पाहिलं ते त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचं.

"घशाला कोरड पडली? पाप जळायलंय! जवळचं दिसंना? मायेचा पडदा फाटायलाय!" महाराज गरजायचे. पाप घशात राहतं हा शोध त्यांचाच.

सरकारी दवाखान्यातल्या सुमंगला नर्सबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यातून गावातली म्हातारी कस्तुराबाई तिथं जाते म्हणून जास्तच. कस्तुराबाईच्या लेकीनं, विमलनं, सासरी विहिरीत जीव दिला असं सगळे म्हणत. घरात तिचं नाव काढायची बंदी होती. अब्रू जाते ना! बैठकीत मात्र तीर्थानं तिला विमल दिसे आणि वीस माणसं तिचं ऐकून घेत.

एका शनिवारी ती सुई-दोरा घेऊन दवाखान्यात आली. "ओवून द्या बाई. तीर्थ घेतलं की चार दिस नेढंच दिसत न्हाई."

सुमंगलाबाईंनी दोरा ओवून दिला आणि तिच्या डोळ्यांकडं पाहिलं. भर उन्हात बाहुल्या टपोऱ्या झालेल्या. नाडी धावत होती.

"तीर्थात काय घालतो तो?"

"काई न्हाई. गाळायचं फडकं मीच धुते की. मिरचीचं बी निघतंय त्यातून. येत्या गुरुवारी मला दोन वाट्या देणार हायेत, इमल बोलंल म्हणून."

"फडकं न धुता आण," बाई कडाडल्या.

गुरुवारी तीर्थ वाटायच्या आधीच सुमंगलाबाई भरल्या देवळात उभ्या राहिल्या. कस्तुराबाईनं न धुता आणलेल्या फडक्यातलं बी त्यांनी कागदावर झटकलं. शेजारी पिंडीवरचंच धोतऱ्याचं काटेरी बोंड फोडलं. दोन्हीकडं तेच चपटं, पिवळट बी.

"धोतरा महादेवाचा हाय!" महाराजांचे भक्त चंद्रभान पाटील उसळले.

"देवाला वाहता, लेकरांना खाऊ घालता का? हे विष आहे. यानं तोंड सुकतं, नजर जाते, नसलेलं दिसतं. दोन वाट्यांत ही बाई मेली असती!" बाईंनी तीर्थाची वाटी महाराजांपुढं धरली. "घ्या, तुम्हीच प्या."

"आमचा उपास हाय."

"तीर्थानं उपास मोडत न्हाई महाराज," चंद्रभान सावकाश म्हणाले. "प्या की."

महाराजांनी वाटीला लाथ मारली, झोळी उचलली आणि परभणीच्या सडकेला लागले. चार माणसं पायताण घेऊन मागं धावली.

"मंग माझी इमल आलीच न्हवती?" कस्तुराबाईनं विचारलं.

"नाही मावशी. विषानं दाखवलं ते."

"तो लबाड तर लबाड! त्यानं ऐकून तरी घेतलं. तुमी शिकलेल्या. सुई ओवून दिली, लेकीचं कवा इचारलं का?"

सुमंगलाबाईंची मान खाली गेली. राग आता त्यांचा स्वतःवर होता.

"चुकले," त्या म्हणाल्या आणि लोकांकडं वळल्या. "बसा सगळे. माणसाचं दुःख ऐकायला धोतरा कशाला लागतो? कुणी काही प्यायला दिलं तर आधी विचारा, यात काय आहे. आणि कुणी मेलं म्हटलं तर विचारा, कसं मेलं. शुद्धीवर राहून विचारा."

कुणी उठलं नाही. कस्तुराबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"माझ्या इमलला पोहता येत हुतं," ती म्हणाली.