सुंदराचं भेव

बहात्तर साली मी सुरतेत मेडिकल कॉलेजात ससे धरायच्या कामाला होतो. ससा मांडीवर घ्यायचा, बरगड्यांवर दोन बोटं ठेवायची, मग डॉक्टरसाहेब घंटा वाजवायचे. ससा दचकला की काळीज बोटाखाली असं सुटायचं, की मोजता मोजता माझीच बोबडी वळायची. साहेब समजावत, "सुपडू, भीती डोक्यात उठते. तिथून रसायन सुटतं, ते काळजाला पळायचा निरोप धाडतं. आपलं औषध तो निरोप वाटेत अडवतं." सुई टोचलेला ससा घंटेला नुसता कान हलवी. एक न टोचलेला मात्र निव्वळ भीतीनं माझ्या हातात मेला. आठ दिवस मला घास गोड लागला नाही.

आणि घरी माझी बायको, सुंदरा. नवागामला ही कापडाच्या लूमवर कामाला असताना शेजारची उषाबाई पदरासकट यंत्राच्या पट्ट्यात ओढली गेली, ते हिनं समोर पाहिलं. तेव्हापासून भांडं पडलं तरी हिची छाती धडधडे, ओठ निळे पडत. मी जात्याच तापट. "भित्री भागूबाई कुठली!" म्हणून वर खेकसायचो.

एका दुपारी ती नळावर कोसळली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "काळीज फार पळतंय. आज यांना एकही धक्का बसता कामा नये." आमच्या सशांना द्यायचे तेच औषध टोचलं, मला पडद्याबाहेर बसवलं. देवा शप्पथ, असा मी जन्मात भ्यालो नव्हतो. डोळ्यांपुढून तो मेलेला ससा हलेना.

पाऊण तासानं गुजराती नर्सबेन बाहेर आली. हसून म्हणाली, "शांत थई गयां."

आमच्या खानदेशात माणूस शांत झाला म्हणजे गेला! मी तिथंच बसकण मारली आणि हंबरडा फोडला, "अगं सुंदरे, मला टाकून गेलीस गं!" सगळा वॉर्ड गोळा झाला. नर्सबेन माझा खांदा हलवत ओरडली, "अरे भाई, ऊंघे छे! ऊंघे छे!"

झोपलीय? अन् मी ती मेल्यासारखा गळा काढला, तोही पडद्याला लागून! आता मीच मारलं हिला, म्हणत आत धावलो आणि तिचं मनगट धरलं.

ती टक्क जागी होती. "काय व्हयनं? कोन गयं?"

"कोणी नाही. तू घाबरू नको. यंत्र नाही इथं, काही नाही."

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"मशीननं नही हो," ती म्हणाली. "माले तुमनंच भेव वाटस."

एवढं बोलली, पण माझ्या बोटांखाली तिची नाडी जराही पळाली नाही.