डोंग्यापुरती वाट

सोनेटोल्याची ग्रामसभा भरली होती म्हणायची, एवढंच. सतरंजीवर सरपंच कैलाश, दोन सदस्य आणि सौर कंपनीचा इंजिनिअर मनिष बसले होते. खिडकीपाशी पाय आखडून एक म्हातारी बसली होती. ग्रामसेविका भावना मेश्रामने बराच वेळ वाट पाहिली आणि मग शिपायाला घरोघरी सह्या आणायला पाठवलं. आपल्या गावांत हे असंच चालतं, नाही का? सभेला जायला आपल्याला वेळ नसतो, पण दारात आलेल्या कागदावर सही करायला कोणी नाही म्हणत नाही.

त्या दिवशीचा विषय गावचा मोठा तलाव होता. त्याच्या पाण्यावर तरंगत्या सोलर प्लेटा बसणार होत्या. पाण्याचा कोणता भाग प्लेटांना, कोणता मासेमारीला, कोणता शिंगाड्याला आणि थंडीत येणाऱ्या पाखरांना, याचा आराखडा तयार होता. भावनाने त्यासाठी खूप धावपळ केली होती आणि या कामावर तिचा मनापासून विश्वास होता. तलावातली वीज गावाच्या शाळेत, दवाखान्यात, धानाच्या मोटारींना मिळणार होती.

म्हातारीने हात वर केला. ती ढिवरपुऱ्यातली, मासेमारांच्या वस्तीतली चंद्रभागाबाई; डोंग्यातून, म्हणजे लहानशा लाकडी होडीतून, मासे धरणारी.

"बाई, मासे धरायची जागा तुमी त्या अंगाले देली. माहं घर या अंगाले. मधात प्लेटा. माह्या डोंग्याले वाट कोठून?"

"बघू, आजी," भावना म्हणाली.

कैलाश हसला. "आजी, हे वरून ठरून आलं हाये. तुमच्या एका डोंग्यासाठी काय तलाव बदलवाचा?"

सगळे हसले. भावनाही थोडी हसली. संध्याकाळपर्यंत सह्या गोळा झाल्या आणि आराखडा मंजूर झाला.

दिवाळीनंतर कंपनीने पाण्यात दोर ताणले, पिवळे पिंप सोडले. ढिवरपुऱ्याच्या घाटासमोरच पिंपांची रांग आडवी पडली. आणि दुसऱ्या दिवसापासून चंद्रभागाबाई आपला डोंगा घेऊन त्या रांगेशी जाऊन बसू लागली. जाळं टाकायची नाही, ओरडायची नाही. सकाळी यायची, उन्हं उतरली की परत जायची. प्लेटा पाण्यात लोटायची जागा नेमकी तीच होती. काम अडलं.

गाव तिच्यावर चिडलं. ढिवरपुऱ्यातल्या तरण्या माणसांना कंपनीत चौकीदारीचं काम कबूल झालं होतं, त्यामुळे तिचे स्वतःचे लोकही तिच्याशी बोलेनासे झाले. ती हातपंपावर आली की बाया घागरी उचलून निघून जात. तिचा मुलगा पुण्याला होता, नवरा कधीचाच गेला होता. दिवसभर पाण्यावर गप्प आणि घरी आल्यावरही गप्प, असे तिचे दिवस जाऊ लागले.

"म्याडम, तुमी बाई माणूस हाये. तुमीच समजवा तिले," कैलाश म्हणाला. "नाईतर मले पोलिसले बोलवा लागन."

भावना घाटावर गेली. चंद्रभागाबाईने डोंगा काठाला आणला.

"आजी, असं नका करू. आराखडा मंजूर झाला आहे. सगळ्या गावाशी बोलून केला आहे."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"सभेत गाव होतं काय, बाई? मी त होतो तिथं. मले त गाव दिसलं नाही."

ती खोलीवर परतली. सोसायटीच्या गोदामामागची ती एक खोली. बदली होऊन वर्ष झालं तरी गावात तिला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. 'म्याडम' म्हणून सगळे यायचे, काम झालं की जायचे. तिने एका माणसाचा भात टाकला. भात झाला तरी तिला जेवावंसं वाटलं नाही.

रविवारी ती तुमसरला आईकडे गेली. तिची आई तुळसा. उभं आयुष्य राईस मिलमध्ये धान पाखडण्यात गेलेली. आता तीही घरात एकटीच. आई लाखोरीची भाजी निवडत बसली होती. भावनाने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "एकटी बाई सगळ्या गावाचं काम अडवून बसली आहे."

"तिनं तुले अगोदर सांगतलं होतं?" तुळसाने विचारलं.

"हो. पण एकटीचंच म्हणणं होतं ना, आई. बाकी कोणी आलंच नाही."

तुळसाचे हात थांबले.

"जी एकटी आली, तिचंच तुमी आयकलं नाही. आन् जे आले नाही, त्यायच्या नावानं काम केलं. असंच झालं नं?"

"योजना चांगली आहे गं, आई. वीज सगळ्यांनाच हवी."

"चांगली असन. मी कुठं नाही म्हणतो? मंग नीट कर नं. चांगल्या कामात एक माणूस पायाखाली आला त चालते, हे कोणं शिकवलं तुले?" तुळसाने भाजीचं सूप बाजूला सरकवलं. "भावना, आपल्या लोकायले पाण्याजवळ येऊ देत नोहते, तवा बी हेच सांगत. 'गावानं ठरवलं हाये.' कोणतं गाव? आमी का गावाच्या बाहेरचे होतो? तू शिकली, खुर्चीवर बसली. मले वाटे, आपली पोरगी त्या खुर्चीवर बसून दुसऱ्यायचं आयकन."

भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं. आई पुन्हा भाजी निवडू लागली.

सोमवारी भावना कैलाशसमोर उभी राहिली. "सरपंच साहेब, सभा पुन्हा घ्यायची. तलावाच्या पाळीवर. आणि यावेळी शिपाई सह्या आणायला जाणार नाही."

"कोणी येनार नाही, म्याडम! कायले डोकं लावून राहिले?"

"नाही आले तर आराखडा थांबेल. तसं मी वर लिहून पाठवीन."

कैलाशचा चेहरा उतरला. मनिषने फोनवर आवाज चढवला. ऑफिसात भावनाशी कोणी धड बोलेना. ती घराघरांतून फिरली. "सही नको. तुम्ही या," एवढंच सांगत राहिली. लोक हो म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे.

सभेच्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सतरंजी टाकून ती बसली. चंद्रभागाबाई येऊन शेजारी टेकली. आणखी कोणी नव्हतं. वाऱ्याने सतरंजीचं टोक उलटत होतं. दोघी पाण्याकडे पाहत होत्या.

"पोरगा फोन करते," चंद्रभागाबाई मधेच म्हणाली. "म्हणते, माय, इकडं ये. इथं पाणी घरातच येते. मी म्हनलं, बाप्पा, नळासंग बोलता येते काय?"

भावनाला हसू आलं. "आजी, तुमचा प्लेटांना विरोध आहे का?"

"नाही व बाई. माह्या घरी बी पंखा हाये. मले फकत जावाले वाट पायजे."

तेवढ्यात पाळीवरून कोणीतरी येताना दिसलं. ती रीता होती, सरपंच कैलाशची बायको. तिच्यामागे शिंगाडे काढणाऱ्या चारदोन बाया. मग ढिवरपुऱ्यातला डोमा, मान खाली घालून आलेला. बाया जमल्या तसे पुरुषही रेंगाळत येऊ लागले. शेवटी कैलाश आणि मनिष आले.

भावनाने तोंड उघडण्याआधीच रीता उठली.

"म्याडम, माहीवाली सही हाये त्या कागदावर. मी चुलीपाशी होतो, शिपाई आला, मी सही केली. कायवर केली, मले आजवरी मालूम नाही!"

"माही बी," एक बाई म्हणाली.

"मी त माह्या भावाची बी करून देली," डोमा पुटपुटला. मग चंद्रभागाबाईकडे वळला. "काकी, तुमाले वाट बंद होते हे आमाले दिसत होतं. चौकीदारी जाईन म्हणून आमी मुके झालो. चुकलं आमचं!"

सगळ्यांच्या नजरा कैलाशकडे गेल्या. तो बायकोकडे पाहत होता. त्याने टोपी काढली, हातात फिरवली.

"लोक येत नाही, लोक येत नाही, असं मी सांगत फिरलो," तो हळू म्हणाला. "खरं सांगू का? कोणी येत नोहतं, तेच मले बरं वाटे. भांडण नाही, उत्तर देणं नाही. चंद्रभागाकाकीनं एकटीनं माहं काम केलं. गावासाठी तिनं तोंड उघडलं, आन् मी हासलो!"

मग खरी सभा झाली. आवाज चढले, भांडणं झाली. शिंगाड्याच्या जागेवरून बाया मनिषशी तावातावाने बोलल्या. पण त्या दिवशी पहिल्यांदा तलावाबद्दल तलावाच्या माणसांनी तोंड उघडलं होतं. प्लेटांचे गट सरकवून मधून वाट सोडता येईल, वेळ लागेल, पुन्हा मंजुरी लागेल, असं मनिषने कबूल केलं. जाताना तो भावनाला म्हणाला, "आम्ही तेव्हाच विचारायला हवं होतं, मॅडम."

वेळ लागलाच. हिवाळा सरला, पाखरं निघून गेली आणि मग एकदाची प्लेटांच्या दोन रांगांमधून डोंग्यापुरती वाट मोकळी झाली.

त्या सकाळी घाटावर फारसं कोणी नव्हतं. ढिवरपुऱ्यातल्या बहुतेकांचे डोंगे कधीचेच कुजले होते आणि तरणी पोरं कामावर गेली होती. चंद्रभागाबाईने जाळं घडी करून ठेवलं आणि काठावर उभ्या भावनाकडे पाहिलं.

"ये नं व, भावना. बस."

भावनाला पोहता येत नव्हतं. ती भीत भीत बसली. डोंगा वाटेत शिरला. दोन्ही बाजूंना काळ्या प्लेटा चमकत होत्या. मधल्या अरुंद पाण्यातून म्हातारी शांतपणे वल्हं मारत होती. मागून दुसरा डोंगा येत नव्हता. तिच्यानंतर या वाटेने जाणारं कोणी असेल की नाही, हेही कोणी सांगू शकलं नसतं. तरी वाट तिच्या हक्काची होती आणि ती तिला मिळाली होती.

मित्रहो, सुधारणा हवीच. सूर्याची वीज हवी, आखणी हवी, नियम हवेत. पण पाणी वाटून घेताना त्या पाण्यावर जगणाऱ्या एकाही माणसाचं ऐकायचं राहिलं, तर ती आखणी कागदावरच बरी. तुमच्या दारात सही मागायला कोणी आलं तर थांबा आणि विचारा. सभा असेल तर जा. आणि रिकाम्या सभेत एखादा हात एकटाच वर झालेला दिसला, तर हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.