उंबराखालचं पाणी

१९६८ सालच्या उन्हाळ्यात मी खेडहून पेणकरपाड्याला नवऱ्याकडे राहायला आले, लग्नानंतर तब्बल तीन वर्षांनी. कासम मिठागरात कामाला होता. घर लहान, पण आमचं होतं. पाणी मात्र लांबच्या तळ्यावरून आणावं लागे, आणि तेही आटत आलं होतं.

कासम म्हणाला, "अंगणात विहीर खणून बघू. गोडं पाणी लागलं तर राहशील. नाहीतर पावसाआधी गावी पोचवतो तुला. ट्रंक भरूनच ठेव."

मी भरली नाही. नमाज झाली की हात पसरायचे. आजीने शिकवलेली एकच अरबी दुआ मला येत होती, तिचाही अर्थ माहीत नव्हता. ती म्हणून झाली की शेवटी मनात घाईघाईने म्हणायचे, या अल्ला, पाणी दे.

विहीर खणणारा धर्माजी चौथ्या दिवशी खड्ड्यातून ओरडला, "लागलं, वहिनी!" मी धावत गेले, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकले. खारट! त्या पाण्यात तूरडाळ सकाळपासून दुपारपर्यंत उकळली, तरी दाणा न् दाणा वेगळा.

शेजारची सरूबाई कुंपणावरून म्हणाली, "काय मागलंस गो देवाजवल?"

"पाणी."

"मंग दिलं न्हाय का त्यानं? गोडं म्हनायला तोंड दुखलं तुजं?"

मला हसूही आलं आणि रडूही. संध्याकाळी मोमीनचाचा आले. मशिदीत तेच नमाज पढवायचे. मी त्यांना सगळं सांगितलं, अरबी येत नाही, वाचताही येत नाही, हेही सांगितलं.

"नमाज अरबीत, बेटी," ते म्हणाले. "नंतर हात पसरलेस की आपल्या बोलीत बोल. त्याला काय कोकणी कळत नाही? चपलेचा अंगठा तुटला तरी त्याच्याकडेच मागावा, असं आपल्याला शिकवलंय. मग डाळीसाठी कसली लाज? आणि धर्माजीलाही विचार, कुठे खणू म्हणून. दुआ मागितली म्हणून कुदळ ठेवून द्यायची नसते."

विचारल्यावर धर्माजीने डोकं खाजवलं. "उंबर असतो तिथं गोडं पाणी असतं, वहिनी. पण उंबर हाय सरूबाईच्या वाडीत."

दुसऱ्याच्या जमिनीत विहीर कोण मागणार? तेही सरूबाईकडे?

दुसऱ्या दिवशी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज मी मागच्या अंगणात पढले. आधी अल्लाची तारीफ केली, नबींसाठी सलामतीचा दुरूद पढला. मग माझ्या बोलीत सुरू केलं. सवय नव्हती, त्यामुळे मोठ्याने.

"या अल्ला, डाळ शिजेल असं पाणी दे. साबणाला फेस येईल असं. ते सरूबाईच्या उंबराखाली हाय म्हणतात. बाई जिभेची तिखट हाय, पण मनाची बरी असेल. तिच्या मनात घाल. मला ट्रंक भरायची न्हाय. मला हितंच राहायचंय, कासमजवळ."

"अगो ए जैनब!" कुंपणापलीकडून आवाज आला. "उंबर माजा, आन् मागतंस अल्लाकडं?"

मी तशीच, हात पसरलेले. "तुमच्याकडे मागायला लाज वाटली, सरूबाई."

"तिखट म्हनताना न्हाय वाटली ती!"

आणि ती एवढी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. मग तिने स्वतःच कुंपणाचे काटे ओढून वाट केली. "बोलवा त्या धर्माजीला. पन पयली घागर माजी."

अकरा हातांवर पाणी लागलं. सरूबाईने पहिली ओंजळ प्यायली आणि तोंड वाकडं केलं. कासमने मान खाली घातली. आम्हा दोघांकडे नीट बघून घेतल्यावर ती म्हणाली, "साकर हाय, साकर!"

त्या दुपारी डाळ रवी न लावता विरघळली. कासमने तीन वेळा डाळ मागून घेतली, मग उठून रिकामी ट्रंक माळ्यावर टाकली.

असरला सरूबाई वाटी घेऊन आली. "डाळ दे. आन् आता माज्या सुनेसाठी पोर माग. नीट सांग बरं, नाक माज्यासारकं नको."

मी हात पसरले. आधी शुक्र, म्हणजे त्याचे आभार मानायचे होते. पाणी, डाळ, धर्माजी, उंबर, कासम, शेजारीण... ते संपेचना.

"अगो," सरूबाई कुजबुजली, "माजं कवा मागतंस?"